वाजवतंय कोण?

माझ्याबरोबर चित्रपटाला जाऊ नये, याबद्दल आमच्या घरात सर्वांचे एकमत आहे. मी मध्येच बोलत नाही, रडत नाही, की शेजारच्याला गोष्ट आधी सांगून टाकत नाही. माझी खोड निराळीच आहे. पडद्यावर फौज निघाली, निशाणे फडकू लागली आणि बँड वाजू लागला, की सारी मंडळी घोड्यावरच्या नायकाकडे पाहतात, आणि मी पाहते त्याच्या मागे, एका कडेला, गाल फुगवून पितळी वाद्ये वाजवणाऱ्या माणसांकडे. ती माणसे लवकरच पडद्याआड होतात. मग तोफा सुरू होतात, धुराचे लोट उठतात, नायक पडतो, नायिका रडते, दिवे लागतात. सगळे डोळे पुसत उठतात आणि मी विचारते, "पण ते बँडवाले कुठे गेले?"

माझ्या नातीने याला 'आजीचा प्रश्न' असे नाव ठेवले आहे. प्रश्न माझा नाही. तो आमच्या तात्यांचा आहे.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. त्या भागात घरटी एक तरी माणूस पलटणीत असायचा, त्यामुळे तात्या पलटणीत गेले यात नवल काहीच नव्हते. नवल एवढेच, की ते बंदूक घेऊन गेले नाहीत, वाजंत्री म्हणून गेले. १९३६ साली, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा, भरती करणाऱ्या साहेबाने त्यांचे दात पाहिले, ओठ पाहिले आणि बँडच्या पोरांत नाव घातले. "बैल पारखावा तसा त्यानं मला पारखला," असे तात्या सांगत. त्यांच्या हाती कॉर्नेट आले. मराठी शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती. पत्र लिहायचे तर त्यांना घाम फुटे. पण पाच रेघांवरची ती काळी टिंबे ते घडाघडा वाचीत. पुढे कधीतरी माझ्या आतेभावाच्या इंग्रजी शाळेतले गाण्याचे पुस्तक त्यांच्या हाती पडले, तर त्यांनी ते देवापुढे पोथी वाचावी तसे मांडी घालून गुणगुणत संपवले. साऱ्या ओसरीने तोंडात बोटे घातली.

महायुद्धात ते इटलीत होते. १९४७ साली परत आले ते एक ट्रंक, एक कांबळे आणि बँडचा एक फोटो घेऊन. फोटोत तीन रांगा होत्या. मधल्या रांगेत तात्या, मांडीवर कॉर्नेट, चेहरा कोरा. त्यांच्या डाव्या हाताला एक आडव्या अंगाचा माणूस, त्याच्या मांडीवर लहान मूल बसवावे तसे एक भले मोठे वाद्य. कॉर्नेट अर्थातच सरकारजमा झाले होते. तात्यांपाशी उरला होता फक्त एक माउथपीस, म्हणजे वाद्याला ओठ लावायचा तो पितळी तुकडा. तो ते पानाच्या चंचीत, सुपारीच्या शेजारी ठेवीत. दिवाळीला आम्ही सारी पोरे जमलो की हट्ट धरायचो, "तात्या, वाजवा!" मग ते चंची सोडीत, तो तुकडा धोतराच्या सोग्याने पुसून ओठांना लावीत आणि म्हशीच्या रेडकासारखा आवाज काढीत. आम्ही हसून लोळायचो. मी एकदा तो मागितला, तर म्हणाले, "नगं. माझा न्हाई त्यो." आम्हाला वाटले, सरकारी माल म्हणून म्हणत असतील.

गावात परत आल्यावर त्यांनी पुन्हा वाद्य हातात धरले नाही. तालुक्याच्या गावचा एक लग्नातला बँड होता, त्याच्या मालकाने दोनदा येऊन विचारले. तात्या म्हणाले, शेतीतून सवड नाही. पण माझ्या बहिणीच्या लग्नात तोच बँड आला तेव्हा एक गंमत झाली. अंगात लाल डगले, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि पायांत चपला, अशी ती मंडळी. आपल्याकडच्या लग्नातल्या बँडचा तो पोशाख म्हणजे गोऱ्या पलटणींच्या पोशाखाचा उतरलेला अवतार, हे मला फार पुढे कळले. जेवणाची वेळ झाली. व्याही खोळंबले होते, आणि तात्यांनी पहिल्या पंगतीला बँडवाले बसवले. स्वतः तूप वाढले. वरपक्षात बरीच कुजबुज झाली. वडील चिडले. तात्या एवढेच म्हणाले, "सकाळपासून फुंकत्यात. पोटात वारं भरलंय त्यांच्या."

आता त्या चित्रपटाकडे येते. १९६३ साली मी पुण्याला शिकायला होते. तात्या पेन्शनीच्या कसल्याशा कागदासाठी आले होते. कचेरीत काम झाले नाही, "उद्या या" असे झाले. मग हातात मोकळा वेळ उरला. मी त्यांना कॅम्पातल्या एका थेटरात सकाळच्या खेळाला नेले. चित्रपट जुना होता, १९४१ सालचा. 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' असे लांबलचक नाव. एरॉल फ्लिन त्यात जनरल कस्टर झाला आहे. अमेरिकेच्या सातव्या घोडदळाचा हा सेनानी १८७६ साली लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी लाकोटा आणि शायान लोकांशी लढताना आपल्या साऱ्या तुकडीसह मारला गेला. चित्रपटात त्याला अगदी देवमाणूस करून ठेवले आहे. इतिहासाशी त्याचे नाते सोयरिकीपुरतेच. पण फ्लिन दिसतो मोठा रुबाबदार, आणि शेवटच्या मोहिमेवर निघताना तो बायकोचा निरोप घेतो, त्या प्रसंगाला मी तेव्हा पदर ओला केला होता.

त्या चित्रपटात एक धून पुन्हा पुन्हा येते. तिचे नाव 'गॅरीओवेन'. मूळची आयर्लंडातली, लिमरिक गावच्या पिणाऱ्या-खिदळणाऱ्या पोरांची. घोड्याच्या दुडक्या चालीशी तिचा ताल असा जुळतो की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. सातव्या घोडदळाने ती आपली करून टाकली. ती वाजू लागली आणि मला शेजारी हालचाल जाणवली. तात्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि तीन बोटे खालीवर होत होती. कॉर्नेटला तीनच कळा असतात. अंधारात, सोळा वर्षांनी, ती बोटे बिनचूक चालली होती.

चित्रपट संपला. बाहेर उन्हात आल्यावर तात्यांनी विचारले, "त्यातले बँडवाले कुटं गेले गं?"

"कुठले बँडवाले?"

"अगं, शेवटाला सगळी मेली. मग बँडवाल्यांचं काय झालं?"

मी शहाणपणाने सांगितले, की तात्या, ते पार्श्वसंगीत असते. ते स्टुडिओत वाजवतात. तिथे लढाईत कोणी वाजवत नसते.

ते थांबले. माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी म्हणाले होते, भाकरी आपोआप भाजते. "पोरी," ते म्हणाले, "वाजतंय तर वाजवतंय कोन? कुनीतरी वाजवल्याबिगर वाजतं व्हय?"

यावर मला उत्तर सुचले नाही. एस. टी. स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. संध्याकाळची गाडी लागायची होती. बाकावर बसून त्यांनी पान जुळवले, आणि पानाकडेच पाहत बोलले, "लढाईत बँड वाजवीत न्हाई. वाद्यं गोदामात जात्यात. बँडवाल्यांना स्ट्रेचर देत्यात. इटलीत आमी वाजवत न्हवतो. उचलत व्हतो." मग थोड्या वेळाने, "पहिला उचलला त्यो आमच्यातलाच."

गाडी आली. त्यांनी माझ्या हातावर दोन रुपये ठेवले आणि ते गेले. या विषयावर ते एवढेच बोलले. आधी नाही आणि नंतरही नाही.

मी पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. पुस्तकांच्या राशीत बसणाऱ्या माणसाला एक सवड असते: आपला प्रश्न तो कुठल्याही विषयाच्या कपाटाला विचारू शकतो. मी हा प्रश्न विचारत राहिले. आधी कळले ते असे, की तात्या सांगत होते ती सैन्यांची रीतच होती. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक पलटणींत बँडवाला हा शांततेत वादक आणि लढाईत डोलीवाला असे. वाद्ये खाली ठेवायची आणि जखमी उचलायचे. नाहीतर डॉक्टरच्या तंबूत, तो हात किंवा पाय कापत असताना, माणूस धरून ठेवायचा. ज्या ओठांनी सकाळी वॉल्ट्झ वाजवला, त्याच माणसाने दुपारी हे करायचे. विसाव्या शतकाच्या दोन्ही महायुद्धांतही हा प्रघात मोडला नव्हता.

१९७४ च्या सुमारास एका पुस्तकात मला कस्टरच्या बँडचा पत्ता लागला. तो खरोखरच होता. वाजवणारे पांढऱ्या-करड्या घोड्यांवर बसत, आणि त्यांचा म्होरक्या फेलिक्स विनातिएरी नावाचा, इटलीत जन्मलेला माणूस होता. १८७६ च्या मे महिन्यात पलटण किल्ल्यातून निघाली तेव्हा हाच बँड वाजवत होता. पण जूनमध्ये पावडर नदीच्या काठी तळ पडला, तेव्हा काही स्वारांना घोडे कमी पडले. बँडवाल्यांचे घोडे काढून त्यांना देण्यात आले आणि बँडला तळावरच मागे ठेवले. पलटण पुढे निघाली, तेव्हा हे पायउतार झालेले वाजंत्री एका टेकाडावर उभे राहिले आणि त्यांनी 'गॅरीओवेन' वाजवली. थोड्याच दिवसांनी, २५ जूनला, कस्टर आणि त्याच्या बरोबरचे दोनशेहून अधिक लोक मारले गेले. बँड वाचला. (तुतारी फुंकून हुकूम देणारे बिगुलवाले निराळे, ते आपापल्या तुकडीबरोबर लढाईत गेले. त्यांतला एक, तोही इटलीचाच, शेवटची चिठ्ठी घेऊन मागे पाठवला गेला म्हणून बचावला.)

त्या दिवाळीला मी गावी गेले ती हे घेऊनच. भाऊबीजेच्या दुपारी तात्या ओसरीवर पडले होते. मी म्हटले, "तात्या, त्या कस्टरचे बँडवाले वाचले."

ते उठून बसले. अकरा वर्षांपूर्वीचा चित्रपट, पण "कुठला कस्टर?" असे त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "सगळे?"

"सगळे. त्यांचे घोडे काढून घेतले आणि त्यांना मागे ठेवले."

"घोडी काढून घेतली म्हणून वाचले?"

"हो."

त्यांनी बराच वेळ विचार केला. "लई वंगाळ वाटलं आसंल त्यांना, घोडी काढून घेताना," ते म्हणाले. आणि मग, "ब्येस झालं."

दुसरी एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. याच बँडने ही धून त्याआधी, २७ नोव्हेंबर १८६८ रोजी, वॉशिता नदीकाठच्या शायान वस्तीवर पहाटे झालेल्या हल्ल्याच्या वेळी वाजवली होती. तेव्हा विनातिएरी नव्हता, पण पलटण तीच. बर्फ पडले होते. थंडी अशी होती, की चार सूर वाजले आणि वादकांच्या तोंडची लाळ वाद्यांत गोठून गेली. वाद्ये मुकी झाली आणि कत्तल पुढे चालू राहिली. तिच्यात बायका होत्या, मुले होती. आर्थर पेनच्या १९७० सालच्या 'लिटल बिग मॅन'मध्ये हा प्रसंग आहे. धुक्यातून, बर्फातून आधी ती आनंदी धून ऐकू येते आणि मग घोडेस्वार दिसतात. पुण्याच्या त्या थेटरात पाय हलवायला लावणारी धून हीच का, असे वाटून माझ्या अंगावर काटा आला. ऐतिहासिक चित्रपटांतला पलटणी बँड मला याच एका ठिकाणी पुरता खरा वाटला. दिग्दर्शकाने सूर बदलला नाही, तो करुण केला नाही. फक्त तो कोणाच्या कानांवर पडतो आहे, हे दाखवले.

एरवी चित्रपटवाल्यांना या संगीताची थोडी लाजच वाटते, असे माझे मत झाले आहे. कारण ते फार हसरे आहे. पोल्का, वॉल्ट्झ, ऑपेरातल्या चाली, नाचाची गाणी असाच तो माल. मरणाच्या प्रसंगी असे कसे वाजवायचे? म्हणून मग शंभर वाद्यांचा ताफा बसवून नवे, गंभीर, घनघोर संगीत करतात. अमेरिकेच्या यादवी युद्धावर केन बर्न्सने १९९० साली दूरदर्शनसाठी जी प्रसिद्ध मालिका केली, तिच्यातली व्हायोलिनवरची एक उदास धून लोकांच्या मनात इतकी रुतली, की तीच त्या युद्धाची धून असे पुष्कळांना वाटते. ती जे उंगर नावाच्या वादकाने १९८२ साली रचली आहे! धून सुरेखच आहे, माझी तक्रार नाही. पण १८६३ साली मरणाऱ्यांच्या कानांत ती नव्हती. त्यांच्या कानांत काय होते, ते फ्रीमँटल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. गेटिसबर्गच्या लढाईत, २ जुलैला, तोफांचा भडिमार अगदी भरात असताना दक्षिणेकडच्या फौजेचा एक बँड पोल्का आणि वॉल्ट्झ वाजवू लागला, आणि फुटणाऱ्या गोळ्यांच्या साथीने ते मोठे चमत्कारिक वाटले, अशा अर्थाची ती नोंद आहे.

या वाजवणाऱ्यांत नॉर्थ कॅरोलिनाच्या सव्विसाव्या पलटणीचा बँड होता. सेलम गावच्या मोरेव्हियन पंथाची ही भजनी वळणाची माणसे. त्यांच्याकडे देवळातही पितळी वाद्ये वाजतात. त्यांच्या पलटणीतले आठशेपैकी पाचशेहून अधिक लोक आदल्या एका दिवसात पडले होते. बँडवाले डॉक्टरांच्या हाताखाली जखमींत राबत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना हुकूम आला: या, वाजवा, उरलेल्यांना धीर येईल. त्यांनी हात धुतले असतील, वाद्ये काढली असतील. त्यांच्या वाजवण्याच्या वह्या अजून सेलमला जपून ठेवल्या आहेत.

गेल्या वर्षी माझ्या नातीने मला १९९३ सालचा 'गेटिसबर्ग' घरच्या पडद्यावर लावून दिला. चार तासांहून मोठा चित्रपट. फ्रीमँटल त्यात आहे, लाल डगला घालून. खरा फ्रीमँटल तेव्हा साध्या राखी कपड्यांत हिंडत होता, पण लाल रंग पडद्याला शोभतो. मी आपली चष्मा सावरून कडेकडेने हात धुतलेली माणसे शोधत होते. मला ती दिसली नाहीत. नजर चुकली असेल. नात म्हणाली, "आजी, तू लढाई बघ ना!"

मग मी तिला त्या काळची वाद्ये दाखवली. पितळी वाद्यांना कळा बसल्या त्याच मुळी १८१५ च्या सुमारास. त्याआधी बिगूल मोजकेच सूर काढू शके. पुढे १८४५ साली पॅरिसमध्ये अडॉल्फ साक्सने लहानमोठ्या एकाच घराण्यातल्या शिंगांचा संच करून दाखवला, आणि खेड्यातल्या माणसालाही चार महिन्यांत वाजवता येईल असा बँड उभा राहू लागला. अमेरिकेत तर अशी शिंगे केली की त्यांचे तोंड वाजवणाऱ्याच्या खांद्यावरून मागे वळलेले. का? तर बँड पुढे चालतो आणि पलटण मागून येते. सूर त्यांच्यासाठी आहे. नातीला हे फार आवडले. मला त्यात दुसरेच काही दिसते. बँडवाल्याचे तोंड पुढे आणि सूर मागे. ज्यांच्यासाठी वाजवायचे त्यांचे चेहरे त्याला दिसतच नाहीत. दिसतात ते दुपारी, स्ट्रेचरवर.

या जुन्या शिंगांचा आवाज मऊ असतो, कारण त्यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. चित्रपटात बहुधा त्यांच्या जागी ट्रंपेट वाजवतात. त्याची नळी सरळ, आवाज धारदार. तात्यांना हा फरक पुस्तकाशिवाय ठाऊक होता. "कॉर्नेट बोलतं, ट्रंपेट वराडतं," असे ते म्हणत. रेडिओवर सिनेमाचे गाणे लागले आणि ट्रंपेट आला की ते कान उघडझाप करीत.

आणखी एक चित्रपट आहे, त्याच्याविषयी मी तात्यांशी कधीच बोलले नाही. 'झुलू', १९६४ सालचा. १८७९ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर दीडशेच्या आसपास इंग्रज शिपायांनी हजारो झुलू योद्ध्यांना रात्रभर थोपवून धरले, त्याची ही कथा. झुलू राजा सेत्श्वायो याचे काम त्याच्याच वंशातल्या मांगोसुथु बुथेलेझी यांनी केले आहे. चित्रपटात झुलू वीरांचे गाणे घुमते आणि त्याला उत्तर म्हणून शिपाई 'मेन ऑफ हार्लेक' हे वेल्श गाणे गातात. तो प्रसंग ऐन रंगात येतो. मीही टाळ्या वाजवल्या. पुढे वाचले, की असे कोणी गायल्याचा पुरावा नाही, आणि ती पलटण तेव्हा नावाने वॉरिकशायरची होती, वेल्सची नव्हे. ते नाव तिला १८८१ साली मिळाले. हे चालायचेच. पण त्याच पलटणीचा दुसरा भाग त्याच दिवशी, तिथून काही कोसांवर, इसांडल्वाना डोंगराच्या पायथ्याशी होता. तिथे तेराशेहून अधिक माणसे कापली गेली. पलटणीचा बँडही तिथेच होता. त्यांना जखमी उचलण्याचे काम दिले होते. त्यांच्यातला क्वचितच कोणी सुटला.

इथे कोणी घोडी काढून घेतली नव्हती.

हे मला १९७७ साली कळले. मी दोन दिवाळ्या गावी गेले आणि दोन्ही वेळा ते ओठांवर आले आणि मागे गेले. त्यांनी एकदा विचारलेही, "आनखी कुटला बँड गावला का?" मी "नाही" म्हटले. १९७९ साली इसांडल्वानाच्या लढाईवर 'झुलू डॉन' नावाचा चित्रपट निघाला. त्याच वर्षीच्या श्रावणात तात्या गेले. खोटे बोलले याचे मला वाईट वाटत नाही. त्यांच्या लेखी जगातले निदान एका पलटणीचे बँडवाले वाचले होते, आणि तो हिशेब मला मोडायचा नव्हता.

चुलत्यांची चंची चुलतभावाने मला दिली. त्यांच्या घरी कोणी पान खात नाही. माउथपीस तिच्यात होता. तो मी कपाटात, फोटोशेजारी ठेवला. फोटोखाली नावे लिहिलेला पुठ्ठा होता, तो गावच्या घरी असतानाच वाळवीने खाल्ला.

नात आता शाळेच्या बँडमध्ये आहे. ऑगस्टमध्ये तिने कॉर्नेट धरले, आणि मला वाटले, आता तात्यांचा माउथपीस तिला द्यावा. त्यांचे वाद्य तिच्या हाती आले, तर निदान तेवढे तरी पुढे जावे. शिकवायला येतात ते गृहस्थ पलटणीच्या बँडातून निवृत्त झालेले आहेत, पंचमढीच्या लष्करी संगीतशाळेत शिकलेले. मी चंचीतून तो तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने कड चाचपली, आतली वाटी पाहिली. मग नातीचे कॉर्नेट घेऊन त्यात बसवून पाहिला. बसेना.

"आजी, हा कॉर्नेटचा नाही," ते म्हणाले. "हा युफोनियमचा. बघा ना, केवढा आहे. मांडीवर घेऊन वाजवतात ते मोठं वाद्य. कोणाचा हा?"

मी म्हटले, माझ्या चुलत्यांचा.

"ते युफोनियम वाजवत होते?"

"नाही," मी म्हटले.

घरी आल्यावर मी फोटो खाली काढला आणि काच पुसली. तात्यांच्या डाव्या हाताचा तो आडव्या अंगाचा माणूस थोडासा हसतो आहे, हे माझ्या आजवर लक्षात आले नव्हते. मागे नातीने माउथपीस ओठांना लावून पाहिला. आवाज अगदी खर्जातला निघाला, रेडकासारखा, आणि ती हसू लागली.